बारा महिन्यांचं पाणी

आमच्या डेपोच्या फाटकाशी ट्रक थांबला की ड्रायव्हर आधी चौकीदाराला विचारायचा, “आज गेडामबाई हायेत काय?” हो म्हटलं की तो इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा आणि सावली शोधायचा. दुपारपर्यंत आपली सुटका नाही, हे त्याला कळून चुकलेलं असायचं.

चंद्रपूरकडच्या मूल गावाहून बदली होऊन मी आलापल्लीच्या रस्त्यावरच्या त्या लाकूड डेपोत कारकून म्हणून गेलो, तेव्हा यशोदाबाई गेडाम तिथं वीसेक वर्षं मुरलेल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, केस घट्ट मागे बांधलेले. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. त्या पायाला पट्ट्यांचा लोखंडी साचा आणि जाड टाचेचा बूट. सागवानाच्या थप्प्यांमधून त्या चालायला लागल्या की आधी बुटाचा ठोका ऐकू यायचा, मग पाय ओढल्याचा आवाज. तो ऐकला की गप्पा मारणारे मजूर उठून उभे राहायचे.

वनरक्षकानं मोजून लिहिलेला प्रत्येक ओंडका त्या पुन्हा मोजायच्या. टेप स्वतःचा, पिशवीतला. सरकारी टेप ओढून ओढून लांब झाला आहे, असं त्यांचं म्हणणं. चहा टपरीवर उभं राहून, डोळ्यांसमोर उकळला तरच प्यायच्या. नवीन रजिस्टर आलं की आधी त्याची पानं मोजायच्या. आणि ‘होईल’ हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. मी पहिल्याच आठवड्यात कुठल्यातरी कामाला “होईल बाई” म्हणालो, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कधी होईल? कोन करन? दाखवजो मले.”

त्यांच्या डोळ्याचा धाक मी एकदा प्रत्यक्ष पाहिला. लिलावात घेतलेलं लाकूड घेऊन एका व्यापाऱ्याचा ट्रक बाहेर पडत होता. कागद बरोबर, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर डेपोच्या हातोड्याचा शिक्का. बाई ट्रकच्या मागं गेल्या, एका शिक्क्यावर बोट फिरवलं, मग ते बोट नाकाशी नेलं.

“उतरव हे.”

मुनीम कळवळला. “बाई, इतके वर्षं झाले, आमच्यावर विश्वास नाई काय?”

“हाये ना. म्हनून तं एकच उतरवाले सांगतलं.”

तो एक उतरवला. त्याचं कापलेलं तोंड पावसापाण्यानं काळं पडलेलं होतं, आणि शिक्क्याच्या खाचेत मात्र लाकूड पिवळंधमक. म्हणजे शिक्का कालपरवाचा. लाकूड आमच्या डेपोचं नव्हतंच. ट्रक डेपोत येतानाच ते आत घालून आणलेलं, त्यावर खोटा हातोडा मारलेला. मग बाकीचेही उतरवले, आणि तशी सात तोंडं निघाली. बाईंना त्याचा आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. “जेवाची वेळ झाली,” एवढंच म्हणाल्या.

अशा बाईवर आपण संशय घेऊ, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मी घेतला.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात लिलाव थांबले होते, डेपोत शुकशुकाट होता. जेवणाच्या सुट्टीत बाई डबा झाकून मागच्या पडवीत जायच्या आणि फोन लावायच्या. दर सोमवारी. मी एकदा हात धुवायला मागं गेलो तेव्हा त्यांचं हिंदी कानावर पडलं.

“आज कितना मीटर?… बारह? पिछली बार तो आठ बोला था… बंद है? किसने बंद कराया?” मग दुसरा नंबर लावून, “बरफ कितना उठा?”

मी नळ बंद केला आणि तसाच उभा राहिलो. आमच्या धंद्यात मीटर म्हणजे घनमीटर. लाकडाचा आकडा. बारा, आठ, बंद. आणि बरफ? आलापल्लीच्या जंगलात बर्फाचं काय काम? हा नक्की कशाचातरी सांकेतिक शब्द असणार, असं माझ्या मनानं घेतलं.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. त्या दिवशी बाई फोनवर स्वतःचं नाव सांगत होत्या, ‘मिसेस वर्मा, नागपूर से.’ तिसऱ्या सोमवारी त्या ‘कॉलेज की मॅडम’ झाल्या. बोलून झालं की हिरव्या पुठ्ठ्याच्या एका वहीत काहीतरी लिहायच्या, आणि ती वही टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावायच्या. मला आता मागचंही सगळं वेगळं दिसायला लागलं. सात ओंडके पकडले ते खरं, पण न पकडलेले किती असतील? इतकं कडक वागणं हाच आडोसा नसेल कशावरून?

तेव्हा नवीन साहेब पुण्याकडून आले होते. मी त्यांच्या कानावर घातलं. मी काही लेखी दिलं नाही, नुसतं बोललो. ते जास्त वाईट, हे आता कळतं.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बाईंना बोलावलं. मलाही तिथंच थांबवलं.

“गेडामबाई, तुमच्या खणात एक वही आहे म्हणतात. जरा बघू.”

बाईंनी कमरेची किल्ली काढली, उठून गेल्या. ठोका आणि घासा, ठोका आणि घासा. वही आणून टेबलावर ठेवली. साहेबांनी उघडली. रेघा मारून रकाने पाडले होते. गाव. महिना. पाणी किती खोलवर दिसतं. वारा. बोट गेली का. आणि शेवटचा रकाना, ‘कोण म्हणालं’. पानापानांवर मालवण, गोवा, लक्षद्वीप, अंदमान, पाँडिचेरी, रामेश्वरम. तीन वर्षांच्या नोंदी.

“हे काय आहे?”

“समुद्राचं हाये साहेब. पाण्याखाली जातात ना लोकं, नळकांडं लावून, त्याचं. रिटायर झाल्यावर मले तिथी जाऊन राहाचं हाये. बारा महिने कुठी जाता येते, ते पाहून राह्यली.”

साहेब आधी वहीकडे बघत राहिले, मग बाईंच्या बुटाकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. “झालं असन तं वही द्या,” म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला थप्प्यांच्या आड बोलावलं.

“तूच सांगतलं ना?”

“हो बाई.”

“काऊन?”

मी मीटरचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, मिसेस वर्मांचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “मी ऐकलं असतं तं मीबी सांगतलं असतं. पन पहिले मले विचारलं असतं.”

त्या एका वाक्यानं मला साहेबांसमोर वाटली नसती इतकी लाज वाटली.

त्यानंतर त्या मला थोडंथोडं सांगायला लागल्या. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या काही जणींबरोबर त्या अंदमानला सहलीला गेल्या होत्या. बाकीच्या किनाऱ्यावर फोटो काढत होत्या. बाईंनी पाण्याखाली जायचं म्हटलं, तर दुकानातल्या माणसानं पाय पाहून हात जोडले. तिथं एक शिकवणारी मुलगी होती. ती म्हणाली, पाण्यात पायाचं काय काम? तिनं आधी दोन तास गळ्याएवढ्या पाण्यात बसून श्वास घ्यायला शिकवलं, मग हात धरून खाली नेलं.

“वर दोन पायायले काम असते,” बाई मला सांगत होत्या, “एक करते, एक करत नाई. खाली दोघायलेबी काम नाई. छातीत हवा भरली का वर, सोडली का खाली. मी लंगडीच नव्हती तिथी.”

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी ते सांगितलं नाही. पायाबद्दलही एकदाच बोलल्या. आईबापांनी लहानपणी त्यांना खांद्यावर घेऊन गावच्या पुजाऱ्यापासून चंद्रपूरच्या डॉक्टरपर्यंत सगळीकडे नेलं होतं. जो तो म्हणायचा, होईल बरा. “एकानं तं म्हनाचं होतं ना, नाई होत म्हनून. मी लहान होती, पन मले समजलं असतं.”

वहीतला बर्फ मला नंतर उमगला. पाण्याखाली नेणारी दुकानं सगळी एकच सांगतात, आमच्याकडे बारा महिने चालू. बाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्या मोबाइलच्या नकाशात धक्क्याजवळ काय काय आहे ते शोधायच्या. चहाची टपरी, जाळ्यांचं दुकान, बर्फाचा कारखाना. आधी वेगळ्या नावानं दुकानाला फोन, लगेच पाठोपाठ बर्फवाल्याला. बोटी समुद्रात गेल्या तर मासळीसाठी बर्फ उठतो, नाही गेल्या तर उठत नाही. त्याला खोटं बोलायचं कारणच नाही. जुलैच्या एका सोमवारी कोकणातला एक दुकानदार म्हणाला, “या मॅडम, पाणी एकदम काचेसारखं.” पाच मिनिटांनी त्याच धक्क्यावरचा चहावाला म्हणाला, “बोटी वर ओढून झावळ्या टाकून ठेवल्यात हो, आता नारळी पौर्णिमेनंतर बघा.” बाईंनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली आणि त्या दुकानाच्या नावावर काट मारली.

अशी एकेक जागा गळत गेली. कोकण, गोवा पावसाळाभर बंद. लक्षद्वीप सुंदर, पण परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, आणि पावसाळ्यात तेही बंदच. अंदमानात चालू असतं, गढूळ का होईना, पण वादळात बोट थांबली आणि आजारी पडलं तर मोठं इस्पितळ समुद्रापलीकडे. मी एकदा मोबाइलवर शोधून सांगितलं, बाई, परदेशात अशी बेटं आहेत, इंडोनेशियात वगैरे, तिथं खरंच बारा महिने जाता येतं.

“आनि तिथी राहाचा परवाना?”

“तो वाढवून घ्यावा लागतो म्हणे सारखा.”

“जलमभर मी दुसऱ्यायले परवाना मांगतला. आता मले कोनी मांगाले नोको.”

शेवटी पाँडिचेरी उरली. तिकडचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये नाही, दिवाळीच्या पुढेमागे. बल्लारशाहून मद्रासला थेट गाडी. दवाखाने मोठे. “किती महिने मिळतील?” मी विचारलं.

“दुकानवाला अकरा म्हनते. बर्फवाला नऊ म्हनते. मी आठ धरून चालते.”

पण त्याआधी डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं होतं. दोन डॉक्टरांनी पाय पाहूनच नाही म्हटलं. तिसऱ्यानं लगेच सही करून दिली. बाई तो कागद घेऊन डेपोत आल्या, मला दाखवला, आणि माझ्यासमोर फाडला. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

“त्यानं कानबी नाई पाह्यला, छातीबी नाई पाह्यली. अशी सही काय कामाची? तिथी खाली मी मरन, तो थोडाच मरन.”

मग त्या नागपूरला जाऊन दोन दिवस राहिल्या. कान, छाती, हृदय, सगळं तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरनं अटी घालून परवानगी दिली. किती खोल जायचं, किती वेळ, शेजारी कोण पाहिजे. अटी वाचून बाईंचा चेहरा खुलला. एखाद्या कागदाचं समाधान मी त्यांच्या तोंडावर तेव्हाच पाहिलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं, शामरावानं, मला मूलच्या बाजारात गाठलं. तिकडेच जवळच्या खेड्यात त्याची धानाची शेती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावाकडे त्यांची एक खोली कायम होती. त्यानं मला भातगिरणीच्या भिंतीकडे नेलं आणि आवाज खाली केला.

“साहेब, तुमी सांगा खरं. अठ्ठावन वर्साची बाई, पायानं अशी. समुद्रात बुड्या माराले जातो म्हनते. तुमाले पटते काय? तिथी कोनीतरी हाये.”

“कोणी नाही शामराव.”

“मग फोन कोनाले करे? आमची सोनी म्हने, आत्या कोनाशी तरी हिंदीत बोलते, बरफ बरफ करते.”

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण डोळ्यांत तेच राहिलं. माझ्या डोळ्यांतही एके काळी तेच होतं, म्हणून मी त्याला दोष देऊ शकलो नाही. वस्तुस्थिती जितकी सांगावी तितकी ती खोटी वाटत जाते, असं ते प्रकरण होतं.

बाईंनी जायला नेमका नोव्हेंबर निवडला. तिकडे वादळाचे दिवस, समुद्र बंद. मी म्हटलं, बाई, फेब्रुवारीत जा ना, पाणी तरी दिसेल. तर म्हणाल्या, “चांगल्या महिन्यात कोनतंबी गाव चांगलंच दिसते. मले पहिले त्याचा खराब महिना पाहाचा हाये. तो सोसला तं राहीन.”

मी त्यांना बल्लारशाला गाडीत बसवून दिलं. एक पेटी, एक वळकटी, वही. महिनाभर तिकडे धो धो पाऊस पडला, खोलीत पाणी शिरलं, भाषा एक शब्द कळेना. मी फोन केला की विचारायचो, परत येता काय? त्या म्हणायच्या, “अजून पाहून राह्यली.” डिसेंबर गेला, जानेवारी गेला, आणि त्या आल्या नाहीत.

दोन वर्षांनी मार्चमध्ये मी आणि बायको तिरुपतीला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी शामरावाचा फोन आला. “तिथून पाँडिचेरी लय दूर नाई म्हनते. पाहून या ना साहेब. खरं काय ते.”

म्हणजे मी पुन्हा एकदा बाईंची चौकशी करायला निघालो होतो.

कोळ्यांच्या वस्तीत एका घराच्या वरची खोली त्यांनी घेतली होती. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. बाई दारातच उभ्या. रंग काळवंडलेला, केस कापून आखूड केलेले. आम्ही चपला काढतो न काढतो तोच म्हणाल्या, “शामनं धाडलं ना?”

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं भिंतीकडे.

“हो बाई.”

“मग पाहून घे सारं.” त्यांनी कपाट उघडलं, मोरी दाखवली, गॅसवरचं झाकण उचललं. एक ताट, दोन वाट्या, औषधांचा डबा, दोरीवर वाळत टाकलेला रबराचा काळा पोशाख. “दुसरं कोनी दिसलं काय?”

माझ्या बायकोला हसू आलं आणि मग बाईही थोड्या सैल झाल्या. भात, माशांचं कालवण केलं. तरीही मी संशय सोडलेला नव्हता. बाई एकट्या पडल्या असतील, फसल्यासारखं वाटत असेल, आणि हट्टापायी सांगत नसतील, असं मला सारखं वाटत होतं. जेवताना विचारलंच.

“एकटं वाटत नाही काय इथं?”

“वाटते ना,” त्या काटा काढत म्हणाल्या. “आलापल्लीतबी वाटे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची बोट होती. बायको बोटीत बसायला तयार नव्हती, मी गेलो. एक म्हातारा नावाडी, शिकवणारी एक तरुण मुलगी, बाई आणि मी. तासभर समुद्रात गेल्यावर किनाऱ्याची रेघ उरली. मी कठडा धरून बसलो होतो. बाईंनी पायाचा साचा काढला, पाठीवर नळकांडं चढवलं, हवा किती आहे ते स्वतः दोनदा पाहिलं, मुलीचंही पाहिलं. मग पाण्याकडे पाठ करून काठावर बसल्या आणि मागच्या मागे पडल्या. पाठोपाठ मुलगीही.

वरचं पाणी पुन्हा मिटलं. बुडबुडे यायला लागले. थोडा वेळ ते दिसत होते, मग लाटा वाढल्या आणि कुठले बुडबुडे अन् कुठला फेस, काही कळेना. मी नावाड्याला खुणेनं विचारलं, कुठं आहेत? त्यानं बोटानं दाखवलं. मला तिथं काहीच दिसलं नाही. पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तिकडेच दाखवलं आणि तंबाखू काढली. शामरावाला मी काय सांगू, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. बाईंना ओढून गावी परत नेलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

पाऊण तासानं त्या वर आल्या, मी पाहत होतो त्याच्या अगदी उलट्या बाजूला. शिडीवर चढणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी पाण्यातच पाठीवरचं नळकांडं काढून दिलं, हात वर केले, आणि नावाड्यानं वरून काखेत धरून व मुलीनं खालून रेटून त्यांना बोटीत घेतलं. तोंडावर डोळ्यांच्या काचेचा गोल वळ उठला होता, नाकातून पाणी गळत होतं.

“काय दिसलं बाई?”

“खडक होता. मासोळ्या होत्या. एक मोठी आत बसून होती, बाहेर आलीच नाई.” त्यांनी तोंड पुसलं. “उद्या आली तं आली.”

परत निघालो. नावाड्यानं केळं दिलं, ते त्यांनी खाल्लं. मला काहीतरी विचारायचं होतं, इतक्या लांब येऊन हेच का, असं काहीतरी. वळून पाहिलं तर त्या बोटीच्या मधोमध ओल्या जाळ्यांच्या ढिगावर आडव्या झाल्या होत्या. तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. गाढ झोपल्या होत्या. इंजिनचा आवाज कानठळ्या बसवत होता, आणि मुलगी व नावाडी त्यांच्या अंगावरून त्यांच्या भाषेत मोठमोठ्यानं बोलत होते. ऊन डोळ्यांवर यायला लागलं तसं नावाड्यानं आपल्या डोक्याचं फडकं सोडलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर टाकलं. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

किनारा जवळ आला तशी रेंज आली आणि खिशात फोन वाजायला लागला. शामराव होता. मी आवाज बंद केला, आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत कोणी त्यांना उठवू नये म्हणून हातानंच खूण करत राहिलो.